बेचाळीसला काय निघणार

६ जानेवारी

दादा,

इस्त्री जास्त तापली होती हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. पण तिचा काटा बिघडलाय हे मी तुला आदल्या आठवड्यात दोनदा सांगितलं होतं, ते तू आजवर कबूल केलेलं नाहीस. गिऱ्हाइकाचा कोट माझ्या हातून जळला. काटा दुरुस्त करून आणणं तुझं काम होतं. तुझं दुकान सोडून चार वर्षं झाली, हे बोलायचं राहिलं होतं. फोनवर बोलायला जावं तर दोन मिनिटांत तुझा आवाज चढतो, मग माझा चढतो, मग वहिनी फोन काढून घेतात. म्हणून लिहून टाकलं. झालं एकदाचं.

पण बसलो होतो ते यासाठी नाही. वहिनींचं पत्र आलं. तुला पोटाचा कॅन्सर आहे, ऑक्टोबरपासून माहीत आहे, तीन किमो झाले, आणि मला कळवायचं नाही अशी तू त्यांना ताकीद दिली होतीस. त्यांनी ती मोडली म्हणून त्यांच्यावर डोळे वटारू नकोस. ऑक्टोबरात मी फोन केला होता. "काय चाललंय?" म्हणालो तर "चाललंय" म्हणालास. हे चाललं होतं होय!

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना माहीत. समोरच्या चपला शिवणाऱ्याला माहीत, तो म्हणे तुझ्यासाठी रोज उसाचा रस आणतो आणि तू चोरून मोरीत ओततोस. सख्ख्या भावाला तेवढं माहीत नाही. मी लांब आहे, मेलेलो नाही.

वहिनींनी सगळं नीट लिहिलंय. रोग जठरातून बाहेर पडून पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलाय, रव्यासारखे दाणे दिसतात. डॉक्टर म्हणतात आधी दुर्बिणीने बघू, आणि फार नसेल तर मोठं ऑपरेशन करू. जठर काढायचं, पडद्यावरचे दाणे जागच्या जागी खरवडायचे, आणि तिथेच टेबलावर पोटात गरम किमो पंपाने फिरवायचा, तास-दीड तास. आणि यावर तू काय म्हणालास तेही लिहिलंय. "पोट उसवणार, अस्तर फाडणार, आतून गरम पाण्याने धुणार आणि परत शिवणार. असलं अल्टरेशन मी गिऱ्हाइकाला कधी करून दिलं नसतं." वहिनींना म्हणे आधी हसू आलं आणि मग आत जाऊन रडल्या.

तू नको म्हणतोयस. सलाइनमधला किमो चालू ठेवा, तेवढं पुरे म्हणतोयस.

दादा, तू कापडातला माणूस आहेस, पंपातला नाहीस. पंपातला मी आहे. मी आता दुधाच्या कारखान्यात आहे. बर्फाच्या कारखान्याचं सांगितलं होतं ते सोडलं, त्याआधीचं पार्सलचंही सोडलं, बोलू नकोस काही. इथे आठ महिने झाले, माझ्या हिशोबाने हे पेन्शनीचं वय आहे. माझं काम टाक्या आणि पाइप धुण्याचं. तुला वाटेल आत उतरून ब्रशने घासतो. नाही. टाकी उघडतच नाहीत. एका बाजूने गरम सोड्याचं पाणी पंपाने आत सोडायचं, दुसऱ्या बाजूने परत आणायचं, परत तापवायचं, परत आत. चाळीस मिनिटं असं फिरवायचं. आत जाताना किती अंश, परत येताना किती अंश, दोन्ही काटे बघायचे आणि वहीत लिहायचे. चिकटलेलं सगळं सुटून येतं. टाकी आरशासारखी होते.

म्हणून वहिनींच्या पत्रातलं ते गरम औषध फिरवण्याचं वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे.

मला यायला जमणार नाही. इथे सुट्टी देत नाहीत. पण मी चौकशी करतो. तोवर नाही म्हणून मोकळा होऊ नकोस.

तुझा भाऊ

१९ जानेवारी

दादा,

वहिनींनी कळवलं की तू माझं पत्र दोनदा वाचलंस आणि इस्त्रीवर एक अक्षर बोलला नाहीस. ठीक आहे. वाचलंस तेवढं बस.

चौकशी केली. आमच्या दुधाची गाडी इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनला रोज सकाळी जाते. ड्रायव्हर ओळखीचा. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. कॅन्टीनच्या बाईंनी सांगितलं की ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं मशीन चालवणारी एक बाई आहे, पोटातलं ते गरम औषधाचं मशीनही तीच चालवते, आणि अकरा वाजता चहाला खाली येते. मी दहापासून बसलो. ती आली सव्वाबाराला. पन्नाशीची, केस आखूड, पायात रबरी चपला. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"पेशंटचे नातेवाईक?" तिने विचारलं.

"पेशंट इथे नाही. माझा भाऊ आहे, लांब असतो."

"मग माझ्याकडे काय?"

"मला तुमचा पंप समजून घ्यायचाय."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "वीस वर्षं झाली मला. लोक येतात, रडतात, भांडतात. पंप विचारायला आलेला तू पहिलाच. करतोस काय?"

मी सांगितलं. मग तिने मला समोर बसवलं आणि कॅन्टीनच्या कागदावर चित्र काढून दिलं. दादा, तंतोतंत आमच्यासारखं. एक छोटी टाकी, त्यात औषध आणि पाणी. तापवायचं यंत्र. पंप. पोटाच्या आत जाणारी नळी, बाहेर येणाऱ्या नळ्या, आणि प्रत्येकीवर काटा. आत जातानाचं तापमान वेगळं, पोटातलं वेगळं, परत येतानाचं वेगळं. सगळं ती दर पाच मिनिटांनी लिहून ठेवते. मी विचारलं, "परतीचा काटा खाली गेला तर प्रवाह वाढवता की उष्णता?" तर ती डोळे बारीक करून म्हणाली, "बस, बस. तुला नोकरी देते."

एकच गोष्ट मला पटेना. ते लोक बेचाळीस अंशांवर फिरवतात. बेचाळीस! आमच्याकडे ऐंशीच्या खाली सायही सुटत नाही. मी म्हणालो, "बाई, बेचाळीसला काय निघणार?"

ती म्हणाली, "तुझ्या टाकीला आतडी नाहीत."

मग सांगितलं. बेचाळीसच्या फार वर गेलं तर आतडी भाजतात, खाली राहिलं तर औषधाला जोर येत नाही. रोगाच्या पेशींना उष्णता सोसत नाही आणि त्या तापल्या की औषध त्यांच्यावर जास्त लागू पडतं. शिवाय औषध पोटातच फिरतं, रक्तात थोडंच जातं, त्यामुळे पोटात भरपूर कडक वापरता येतं. सलाइनमधून तेवढं दिलं तर माणसाला झेपणार नाही.

आता सांग, कळलं की नाही? अल्टरेशन नाही हे. पंप चांगला, काटे चांगले, चालवणारं माणूस चांगलं असलं तर घाबरण्यासारखं काय आहे? मी महिन्याला शंभरदा हे करतो. सगळं सुटून येतं. तू हो म्हण. तुझ्या डॉक्टरला विचार मशीन कोण चालवतं आणि त्याने आजवर किती केलेत. एवढं विचारलंस की पुढचं मला कळव.

ती बाई जाताना म्हणाली, "भावाला सांग, तुझा धाकटा सव्वादोन तास बसून होता." मी सांगणार नव्हतो. पण सांगितलं.

तुझा भाऊ

३ फेब्रुवारी

दादा,

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पंपाशीच होतो, काही ऐकू येईना. बाहेर पळालो. म्हणाल्या, "अहो, हे हो म्हणाले." मी दोनदा विचारलं, "कशाला?" तर म्हणाल्या, "ऑपरेशनला. दुर्बिणीची तारीख पण घेतली." मग म्हणाल्या की डॉक्टरांसमोर तू म्हणालास, "माझा धाकटा भाऊ यातलाच आहे. त्याला यंत्र कळतं."

दादा, तू असं म्हणालास?

आमच्या फोरमनला मी हे सांगितलं. तो मला इंजिनिअर म्हणतो, चिडवायला. म्हणाला, "मग इंजिनिअर, आता डॉक्टर पण?" मी म्हणालो, भाऊच डॉक्टरला म्हणाला, मी काय करू. दिवसभर मी जिना एकेक पायरी सोडून चढत होतो.

वहिनी विचारत होत्या, कधी येतोस. मी फोनवर नीट बोललो नाही. इथे खरंच कठीण आहे. माणसं कमी आहेत. टाक्या रोज धुवाव्याच लागतात, दूध थांबत नाही. तुला गिऱ्हाइकाच्या तारखा सांभाळायच्या असतात, तसंच समज.

ऑपरेशनच्या आधी वजन वाढव. दूध पी. चपला शिवणाऱ्याचा रस ओतू नकोस.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र एकट्याने वाच. वहिनींना मग दे, पण आधी तू वाच.

तीन दिवस आमच्या दुधाचा नमुना नापास होत होता. प्रयोगशाळेतली मुलगी रोज चिठ्ठी पाठवायची, जंतू वाढलेत, धुवा. मी धुवायचो. काटे बरोबर, वेळ बरोबर, वही बरोबर. दुसऱ्या दिवशी परत चिठ्ठी. फोरमन म्हणाला, "इंजिनिअर, वही बघू." वही बघून म्हणाला, "वहीत दोष नाही. मग पाइपात आहे." आणि पाना घेऊन निघाला.

एका टाकीच्या बाहेर पाइपाला एक आखूड फांदी आहे, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी. पूर्वी तिथे कसला तरी काटा बसवला होता, तो काढला आणि तोंडाला टोपण लावून टाकलं. मी रोज तिच्यासमोरून जातो. कधी मनातही आलं नाही. फोरमनने टोपण उघडलं. वास आला म्हणजे असा, की मी मागे सरलो. आत पिवळा थर, जुन्या साबणासारखा घट्ट. बोटाने निघेना.

"चाळीस मिनिटं फिरवतोस ना?" तो म्हणाला.

"रोज."

"पाणी समोरून जातं रे. या बोळात वळत नाही. आणि वळलं तरी एवढ्या जाड थराचं वरचं कातडं तेवढं निघेल. हे आधी हाताने खरवडावं लागतं, मग धुणं. हात पोचत नाही तिथे पाइप कापून फेकावा लागतो." त्याने पातं माझ्या हातात दिलं. खरवडायला मला दीड तास लागला.

दादा, ती मशीनवाली बाई मला अजून दोन गोष्टी म्हणाली होती. त्या मी तुला लिहिल्या नाहीत.

पहिली. ते गरम औषध दोन-तीन मिलिमीटरच आत शिरतं. त्याहून जाड काही मागे राहिलं तर पंप कितीही फिरवा, उपयोग नाही. म्हणून डोळ्यांना दिसतं ते सगळं सर्जनला हाताने काढावं लागतं, आणि त्यालाच आठ-दहा तास लागतात. खरं काम ते. ती म्हणाली होती, "माझं मशीन शेवटी येतं. लोकांना मशीनचंच कौतुक." मला पण मशीनचंच होतं.

दुसरी. मी तिला विचारलं होतं, किती जणांना फायदा होतो. ती म्हणाली, "आकडा मी सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरला विचारा. सगळ्यांना होत नाही. जठराच्या रोगात तर डॉक्टरांचंही आपसात एकमत नाही. काही जणांना उघडून तसंच बंद करावं लागतं. काहींचं सगळं नीट होतं आणि तरी परत येतं. ऑपरेशन मोठं आहे, त्यातूनच काही जण उठत नाहीत." असं ती सरळ म्हणाली, चहा पीत. मी ऐकलं. घरी येऊन तुला लिहिताना ते लिहिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. ते लिहिलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मला तुझं हो पाहिजे होतं.

मी शंभरदा हे करतो, सगळं सुटून येतं असं लिहिलं ना? सगळं सुटून येत नाही. नऊ महिने मी त्या फांदीसमोरून जात होतो.

आता तू काय ठरवायचं ते तुझ्या डॉक्टरला हे सगळं विचारून ठरव. माझ्या पत्रावर नको.

१२ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकलं नाही. खिशातच आहे. सकाळपासून तीनदा पेटीपर्यंत गेलो.

कारण सांगतो. मला कधी कुणी म्हणालं नव्हतं की याला कळतं. शाळेत नाही, दुकानात नाही. तू म्हणालास, तेही डॉक्टरसमोर. हे पत्र पोचलं की ते परत जाणार. म्हणून नऊ दिवस तसंच मिरवलं. फोरमनलाही चहा पाजला त्या आनंदात.

आज जेवणाच्या सुट्टीत टाकतो. तू हे वाचतोयस म्हणजे टाकलं.

तुझा भाऊ

२६ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. मापाच्या कागदाच्या मागे लिहिलेली. पुढच्या बाजूला कुणाची तरी कंबर चौतीस आहे, त्याची पॅन्ट राहिली नाही ना? वहिनींना विचार.

मी ती इतक्यांदा वाचली की पाठ झालीय. तू लिहिलंस:

"पत्र मिळालं. तू आता ज्या दोन गोष्टी लिहिल्यास त्या डॉक्टरांनी मला डिसेंबरातच सांगितल्या होत्या, चित्र काढून. तुझ्या पंपाच्या पत्रात त्या नव्हत्या, तेव्हाच ओळखलं की गाळल्यास. किती दिवसांनी सांगतोस ते बघत होतो. चोवीस लागले. तुझ्या मानाने लवकर. मी हो म्हटलं ते तुझ्या पंपाकडे बघून नाही. तीन किमो झाल्यावर दाणे कमी झालेत असं फोटोत दिसलं म्हणून हो म्हटलं. आता दुर्बिणीनेही बघितलं. पोटाचे तेरा भाग पाडतात, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. एकोणचाळीसपैकी माझे सहा. या परीक्षेत कमी मार्क चांगले, तू पहिला आला असतास. डॉक्टर म्हणतात करून बघण्यासारखं आहे, खात्री देत नाही. मीही गिऱ्हाइकाला फिटिंगची खात्री ट्रायलच्या आधी देत नाही. दहा मार्चला ऑपरेशन. आता सुट्टीचं पण खरं सांग."

त्याखाली सहीसुद्धा नाही. तुझी सवय.

बरं. सुट्टीचं खरं सांगतो.

सुट्टी देत नाहीत हे खोटं. मी मागितलीच नव्हती. जानेवारीत नाही, दुर्बिणीच्या वेळी नाही. वहिनींनी फोनवर विचारलं तेव्हा पंपाच्या आवाजाचं निमित्त केलं, पण तेव्हा मी बाहेर अंगणात उभा होतो, तिथे काही आवाज नव्हता.

का नाही मागितली ते लिहायला मला दोन दिवस लागले, आणि लिहिलं तेही धड नाही. माझ्या डोळ्यांसमोर तू आहेस तो चार वर्षांपूर्वीचा. गळ्यात टेप, कानाला खडू, आणि एका हाताने अख्खा तागा उचलून फळकुटावर टाकणारा. वहिनींनी लिहिलं की तुझं वजन एकोणपन्नास किलो झालंय आणि तू स्वतःच्याच पॅन्टी आत घेऊन शिवल्यास. ते वाचल्यावर मला वाटलं, मी तिकडे गेलोच नाही तर तो तागा उचलणारा दादा तसाच राहील. हे मूर्खपणाचं आहे, मला कळतं. पण वाटलं ते असं. लांबून चौकशी करायला, चित्रं काढून घ्यायला, तुला शहाणपण शिकवायला मला काही त्रास नव्हता. त्रास होता तो येऊन समोर बसायचा.

परवा फोरमनकडे गेलो. म्हणालो, तीन आठवडे पाहिजेत, बिनपगारी चालतील. तो रजिस्टर उघडून बघत बसला. म्हणाला, "दहा महिने होत आले. एकदासुद्धा मागितली नाहीस. सणासुदीला नाही, आजारपणाला नाही. मला वाटलं तुला कुणी नाहीच."

मी म्हणालो, "भाऊ आहे."

"तो यंत्र कळतं म्हणालेला?"

"तोच."

त्याने सही केली. म्हणाला, "जा. तुझ्या त्या बोळाकडे मी बघतो. आणि तिथे जाऊन डॉक्टरला पंप शिकवू नकोस."

त्यानंतर मी परत हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये गेलो. त्या बाईने मला लांबूनच ओळखलं. "काय, पंप राहिला का बघायचा?" म्हणाली. मी म्हणालो, या वेळी पंप नको, नंतरचं सांगा. बाहेर बसणाऱ्याने काय करायचं ते. तिने सांगितलं ते मी लिहून आणलंय. थोडक्यात इथे लिहितो म्हणजे वहिनींनाही माहीत राहील.

ऑपरेशनच्या दिवशी आठ-दहा तास बाहेर बसायचं. मध्ये कुणी बाहेर आलं नाही म्हणून घाबरायचं नाही, आणि लवकर बाहेर आले तर ती चांगली खूण असेलच असं नाही. नंतर दोन-चार दिवस आयसीयू. पोटातून नळ्या असतील, त्या बघून तोंड वाकडं करायचं नाही, पेशंट आपलं तोंड बघत असतो. दुसऱ्या दिवसापासून ते उठवून बसवतील, मग चालवतील. पेशंट शिव्या देतो. देऊ द्यायच्या. छातीत कफ साठू नये म्हणून फुंकायचं एक खेळणं देतात, तीन गोळ्यांचं, ते तासातासाला करून घ्यायचं. जठर गेल्यावर एका वेळी चार घास, पण दिवसातून सहा-सात वेळा. हे घरी आल्यावरही. वजन लगेच वाढत नाही. आणि ताप आला, पोट फुगलं तर थांबायचं नाही, लगेच सांगायचं.

शिव्या खाण्याचं काम मला जमेल. त्यात माझा अनुभव तुझ्याच दुकानातला आहे.

वहिनींना सांग, दिवसा वॉर्डात मी बसेन, त्यांनी दुकान बघावं. शाळेचे गणवेश एप्रिलपासून सुरू होतात ना? मी इस्त्रीला हात लावणार नाही, काजं-बटणं करीन, तेवढं मला येतं.

आणि एक. तू आता दहा तारखेच्या आधी नको म्हणालास, तरी चालेल. सकाळी टेबलावर जायच्या आधी नको म्हणालास, तरी चालेल. मी कुणाला काही समजावणार नाही. मी येतोय ते ऑपरेशनसाठी नाही. ते केलंस तर बाहेर बसतो, नाही केलंस तर दुकानात बसतो. आणि उघडून तसंच बंद केलं असं झालं, तर ते तुला मीच सांगेन. वहिनींवर टाकणार नाही, डॉक्टरच्या तोंडूनही नको. गाळून सांगणार नाही. त्याच दिवशी सांगेन.

यंत्र कळतं हे तू खरंच म्हणालास की वहिनींनी मला बरं वाटावं म्हणून लावून दिलं, ते मी तिथे आल्यावर विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

सहा तारखेच्या सकाळच्या गाडीने निघतो, सातला दुपारी पोचतो. स्टँडवर कुणी यायचं नाही. दुकान अजून तिथेच आहे एवढं मला माहीत आहे.

दर महिन्याला घरखर्चाला म्हणून वहिनींच्या खात्यावर नऊ हजार टाकतो, ते या वेळी टाकता आले नाहीत. त्यातून तिकीट काढलं, आणि तीन आठवडे बिनपगारी आहे म्हणून थोडे हाताशी ठेवले. आज तीन हजार दोनशे टाकलेत.

तुझा भाऊ